अर्धं छाटलेलं कलम

बाबू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या दुकानात एका व्यापाऱ्याशी घासाघीस करत होतो. धाकटा भाऊ गेला हे कळूनही पुढचं वाक्य तोंडून दराचंच निघालं… मग फोन ठेवला आणि खाली बसलो.

तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. वाटणीत हापूसची सहा-सहा जुनी कलमं आली होती. माझीही तोच बघायचा. झाडं उंच गेली होती, आत ऊन शिरत नव्हतं, आंबा लागे तो शेंड्याला. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्याने आपली सहाही कलमं मधून छाटली आणि मला न विचारता माझ्या पहिल्या कलमावर चढला. मी पोचलो तेव्हा अर्धं झाड खाली पडलं होतं.

"रे, झाड कापतंस काय माझी मान?" मी गड्यांसमोर ओरडलो.

"तुझी मान कापून आंबे थोडेच लागतले, दादा? दोन वर्सां थांब. नवीन फूट जून होवंदे, मगे बघ."

मी नको ते बोललो. तो उतरला. विचारायला हवं होतं त्याने, हे मी आजही म्हणतो.

बाराव्याला, त्या भांडणानंतर पहिल्यांदाच, बागेत गेलो. त्याच्या कलमांना हात पोचेल इतक्या खाली मोहर होता. माझ्या त्या कलमाची छाटलेली बाजू मोहराने भरलेली, दुसरीकडे नुसता काळोखा पाला. छाटल्या जागी फुटव्यांचे झुपके येतात. त्यातले तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे काढले नाहीत तर पानंच माजतात. माझ्या झाडावर ते काम कोणी केलं, हे विचारायची गरज नव्हती.

आता उरलेली बाजू छाटायचीय. आंबे उतरल्यावर माणूस येईल, पण कुठली फांदी ठेवायची हे त्याला मी सांगायचं… आणि मला ते येत नाही. बाबूच्या बायकोला, सुलूला, विचारलं.

"माका काय ठावक, भावजी? कापच्या आधी ह्ये तीन-चार दुपारी झाडाखाली बसत. ऊन खंय पडणा नाय, ता बघत."

हल्ली दुपारी दुकान बंद करून मी तिथे जाऊन बसतो. अजून काही कळत नाही. नुसती सावली दिसते.