दिसेल तेवढीच फांदी

शैला गेल्याची बातमी आली तेव्हा मी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. आंब्याच्या कॅनिंगमध्ये राबणाऱ्या बायकांचं पत्रक होतं, दुसऱ्या दिवशी पालीच्या बाजारात वाटायचं होतं. शैलाचा धाकटा भाऊ दत्ता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "नलूताय, आमची ताय गेली." मी मान वर न करताच म्हटलं, "गेली एकदाची! मला भेटून जायचं नाही होय? विमान तर पुढच्या आठवड्यात होतं ना?" दत्ता कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. "तसं नाय गो..." एवढंच म्हणाला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत वर्षभर काम करायला तिला बोलावणं आलं होतं. त्याच्या कागदपत्रांसाठी ती मुंबईला काकांकडे गेली होती. तिथे कावीळ झाली, हॉस्पिटलात हलवेपर्यंत अंगात पार भिनली होती. हे सगळं मला उमगेपर्यंत मी नुसती जळत होते. ती समुद्रापार गेली आणि मी इथे खिळ्यांशी, हे एवढंच डोक्यात होतं. तिच्या मरणाची बातमी माझ्यापर्यंत अशी, हेव्याच्या वाटेने आली. गेलेल्या माणसाविषयी गोडच लिहायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मला जमणार नाही. मी शैलाचा हेवा करत होते, ती नाही तरी अजून करते, आणि हे सांगितल्याशिवाय तिच्याविषयी एकही खरं वाक्य माझ्या हातून उतरणार नाही.

आम्ही पालीच्या आतल्या अंगाच्या एकाच गावच्या. ती कुणबीवाडीतली, मी बौद्धवाडीतली. माझे वडील मुंबईत एका छापखान्यात होते. सुट्टीवर येताना इतरांचे वडील खाऊ आणत, माझे उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आणत. सभा, मोर्चे, संप... मी अक्षरं त्यांवरच गिरवली. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला आधी वाचता आलं, स्वतःचं नाव नंतर. शैलाला शब्दांचं वेड नव्हतं. ती पाटीवर फणसाचं पान काढायची, आणि किड्याने खाल्लेला भाग खाल्लेलाच दाखवायची. मी म्हणायची, "पुरं कर की गो." ती म्हणायची, "तिथं पान नायच, तर काढू काय?"

कोल्हापूरला प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. दोघींनी एकत्र केलं. तिथल्या मुली आमच्या हेलाला हसायच्या. मी भांडायची, शैला त्यांना आणखी हेल काढून दाखवायची. परतलो तेव्हा खाडीकाठच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी आम्हाला बोलावून घेतलं. मज्जासंस्थेत किती जातींच्या पेशी आहेत हे अजून कुणालाच धड ठाऊक नाही, ते म्हणाले. एकेक पेशी बघायची, तिचं चित्र काढायचं, तिची जात ठरवायची आणि ती कुठे बसते ते नकाशावर मांडायचं. चिखलात उड्या मारणाऱ्या आपल्या निवटी माशाच्या मेंदूपासून सुरुवात करायची. पीएच.डी.ची जागा एकच होती. आम्हा दोघींनाही ती हवी होती. माझ्या चळवळीतल्या सोबत्यांना मी म्हटलं होतं की मिळाली तरी घेणार नाही, पण ते खरं नव्हतं.

सरांनी दुपारभर आम्हाला एकाच पेशीपुढे पाळीपाळीने बसवलं. मेंदूचा तुकडा चांदीच्या क्षारात मुरवला, की पुष्कळ पेशींतली एखादीच काळी होते, मुळांफांद्यांसकट, संध्याकाळच्या झाडासारखी. तीच का काळी होते हे कुणाला सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला असे. त्यातून पेशी आणि कागदावरचं पेन्सिलीचं टोक एकदमच दिसे. कागदांवर नावं घालू नका, सर म्हणाले होते. माझं चित्र देखणं होतं, अगदी भरगच्च. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्या चित्रावर बोट टेकवलं. "ही फांदी इथून इथवर कशी गेली?" मी म्हटलं, "मधे दिसत नाही, पण गेली असणारच." दुसऱ्या कागदावर तिथे नुसतं कोरं होतं. ती जागा शैलाला मिळाली.

जातीमुळे डावललं असतं तर मला बरं वाटलं असतं. हे वाक्य लिहायला जड आहे, पण ते तसंच आहे. मग माझ्याकडे पत्रक असतं, सभा असती, पाठीशी माणसं असती. रेघेत हरले, त्याचं पत्रक कसं काढायचं?

मी छापखान्यात काम धरलं, तरी शैलाकडे प्रयोगशाळेत जात राहिले. हेवा माणसाला घरी बसू देत नाही. शैलाची आई मला वाटेत धरून विचारायची, "निवट्यांचं कालवण करतात गो बाये, त्यांच्या डोक्यात ही काय बघतंय?" चांदीच्या क्षाराने शैलाची बोटं काळी पडलेली, शाईने माझी. चहावाला म्हणायचा, "शिकून शिकून दोघींनी हात काळे करून घेतलेत." माझी शाई रॉकेलने निघायची. तिचा डाग धुऊन जात नसे, कातडी नवी येईपर्यंत राहायचा. मला त्याचाही हेवा वाटायचा.

शेवटची भेट तिथलीच. ती निवांत चित्र काढत होती आणि मी पाठीमागे उभी राहून बोलत होते, नेहमीसारखी. "माणसांना लावल्या त्या पुरे नाहीत? पेशींनाही जाती लावता तुम्ही!"

"आंब्याला म्हणतो, भाताला म्हणतो..."

"आंब्याला पाणवठा बंद केला नव्हता कुणी."

ती थांबली. मान वर न करताच म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मग काय म्हणू? तूच शब्द दे. पत्रकबाई ना तू?"

"प्रकार म्हण."

"हा काय प्रकार आहे, असं सर रोज ओरडतात माझ्यावर." ती खळखळून हसली. मग पेन्सिल ठेवून माझ्याकडे वळली. "मी नाव आधी ठेवत नाय, नलू. आधी बघते. ती कुणाकडून घेते, कुणाला देते, कुठवर पोचते... सगळं काढून झालं, मगच नाव. आणि उद्या वेगळं दिसलं, तर कालचं नाव खोडायचं." इतकी वर्षं मी जे लिहायला धडपडत होते ते हिने पेन्सिलीला टोक करता करता सांगितलं होतं. जागा घेतलीस ती घेतलीस, हे वाक्य तरी मला ठेवायचं होतंस, असं वाटून मी तिथून निघाले. ती दारापर्यंत आली. "शब्द दे हां," म्हणाली.

आता काही आठवडे लोटलेत. गेल्या सोमवारी सरांचा निरोप आला. तिची जागा रिकामी आहे. कुणी पुढे आलं नाही तर शिष्यवृत्ती परत जाईल आणि नकाशा अर्धाच राहील. मला जे हवं होतं ते असं, तिच्या अंगावरून उतरवून, माझ्यापुढे ठेवलं होतं. तीन दिवस मी रागातच खिळे जुळवत राहिले. नाही म्हणायचंच ठरवून खाडीवर गेले.

तिचं टेबल तसंच होतं. सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्यांमधलं अंतर तिच्या डोळ्यांच्या मापाचं. मी वाकले तर मला एक वर्तुळ दिसेना, दोन दिसली, एकमेकांत न मिसळणारी. नळ्या जराशा सरकवल्या की झालं, पण माझा हात पुढे होईना. सर मागे उभे होते. मी म्हटलं, "एक अट आहे. जात म्हणायचं नाही."

"मग?"

"तऱ्हा. पेशींच्या तऱ्हा."

"म्हण," ते म्हणाले आणि निघून गेले. शैला असती तर म्हणाली असती, तुझ्यासारख्याच तऱ्हेवाईक!

मी नळ्या सरकवल्या नाहीत. एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने पाहिलं. एक काळं झाड उभं होतं. तिच्या कागदावर त्याचा बुंधा काढून झाला होता, फांद्या व्हायच्या होत्या. मी तिचीच पेन्सिल घेतली आणि पहिली फांदी हळूहळू वर नेली. अर्ध्यावर ती धूसर होत होत नाहीशी झाली. पलीकडे, थोड्या अंतरावर, तशीच एक फांदी पुन्हा सुरू होत होती. ती तीच असणार, याची मला खात्री होती... मी पेन्सिल उचलली आणि मधली जागा कोरी सोडली.