धाकटीची आंबील

ताकात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास आला की मला लग्नानंतरची पहिली येळवस आठवते. येळवस म्हणजे आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं ती अमावस्या. मला खरं तर नुसती आंबील जमायची, पण सासरी नाव काढायचं म्हणून म्या पालेभाज्या-शेंगांची भज्जी, उंडे, खीर सगळंच अंगावर घेतलं. पहाटे बाजरीच्या पिठाचे गोळे, म्हंजे उंडे, उकळत्या पाण्यात सोडले अन् झाकण काढून बघते तर सगळे विरघळलेले! पाहुणे यायची वेळ झालेली, मला रडूच फुटलं. थोरली जाऊ पातेल्यात डोकावून म्हणली, "अगं बाई, उंड्याचीबी आंबीलच केलीस व्हय!" सासूबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मग म्हणल्या, "सर तिकडं. उंडे थोरली करंल, बाकीचं म्या बघते, तू तुझी आंबील घोट." दुपारी हिरव्यागार हरभऱ्याच्या कडंला पंगत बसली. आंबिलीचं मडकं बघता बघता रिकामं झालं, तरी शेजारच्या शेतातली माणसं तांबे घेऊन उभीच! सासूबाई ऐटीत सांगत होत्या, "आमच्या धाकटीनं केलती." आता माझ्या सुना म्हणतात, "आत्या, उंडे शिकवा की." म्या सांगते, "त्ये थोरल्या आत्यांना इचारा बाई, माझं खातं आंबिलीचं!"