जत्रेतल्या जीपचा अ‍ॅम्प्लिफायर
दातानं वायर सोलली की जिभेवर तांब्याची चव येते, आणि मला भालकीकडची ती जत्रा आठवते. विसर पडायला लागलेले आमचे वडील गर्दीत हरवले होते, आणि पुकारा करायच्या जीपचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला होता. "कामून चालंना रं?" आई रडत विचारत होती. जाड लाल वायरीत करंट होता, पण अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी बारीक निळी वायर मेली होती. मी दोन्हींमध्ये दातानं सोललेला वायरीचा तुकडा जोडला, तसा हिरवा दिवा लागला. "अप्पा, जीपकडं या!" मी माइकवर जीव तोडून ओरडलो. धोतर सावरत कितीतरी म्हातारे धावत आले. आमच्याकडं घरोघरी बापाला अप्पाच म्हणतात. आमचे तेवढे आले नाहीत, अजूनही नाहीत. आता मलाही अप्पा म्हणतात. मागून हाक आली की मी आधी आजूबाजूला बघतो.