दुसरी सही

चितेगावचे गयास शेख आणि बन्सी एकाच एसटीनं शहरात शिकायला जायचे. पुढं दोघांनीही विमान दुरुस्तीचं लायसन काढलं आणि एकाच हँगरमध्ये नऊ वर्षं घासली. मग गयास परीक्षा देऊन सरकारी अपघात तपासणीत गेला. पडलेल्या विमानांचे तुकडे जुळवून ते का पडलं हे शोधायचं, हे त्याचं काम झालं. बन्सी मात्र हँगरमध्ये पाने फिरवतच राहिला.

२००८ च्या हिवाळ्यात शेंद्र्याजवळ तुरीच्या रानात एका उड्डाणशाळेचं लहान विमान कोसळलं. त्यात विमान चालवायला शिकणारी बावीस वर्षांची रेणुका एकटीच होती; ती वाचली नाही. कन्नडच्या शेतकऱ्याची पोर. गयास पोचला तेव्हा बांधावरची माणसं बोलतच होती, "पोरीच्या हाती विमान दिल्यावर दुसरं काय व्हनार?"

गयासनं तीन दिवस तुकडे तपासले. विमानाचं नाक वरखाली करणारी केबल शेपटीतल्या जोडापाशी सुटली होती. तो फिरकीचा जोड थरथरीनं उलगडू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. इथं तारेचा मागमूस नव्हता. ती बांधायलाच कुणी तरी विसरलं होतं. केबल आठ दिवसांपूर्वीच बदललेली. अशा कामावर दोघांच्या सह्या लागतात: एक करणाऱ्याची, दुसरी झाकण उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याची. गयासनं रजिस्टर उघडलं. दुसरी सही बन्सीची होती.

त्यानं त्याच दुपारी दिल्लीला कळवलं, हा माणूस माझा मित्र आहे. वरिष्ठांनी आणखी एक अधिकारी सोबत दिला आणि काम चालू ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गयास उतरला होता त्या विश्रामगृहावर बन्सी आला. बसला नाही.

"पोरगी तर गेली, गयास. तिचीच चूक लिही. तिला काय फरक पडतो?"

"तिच्या आईला पडतो. झाकण उघडलं व्हतंस का?"

"नाय." बन्सी खाली बघत म्हणाला. "विमान निघायचं व्हतं. काम करणाऱ्यानं सही केलीय म्हणल्यावर मी बी केली. आता तू सांग. माझ्या कामावर तू किती येळा न बघता सही केलीस?"

गयास मनात मोजू लागला. आकडा त्यालाही ठाऊक नव्हता.

अहवालात त्यानं बन्सीचं नाव जसंच्या तसं लिहिलं. सोबत स्वतःच्या जुन्या सह्यांबद्दल वेगळं पत्र जोडलं. साहेब म्हणाले, "शेख, जुनं कशाला उकरता? पत्र परत घ्या." त्यानं घेतलं नाही. पत्र फायलीत पडून राहिलं, पुढं काहीच झालं नाही. बन्सीचं आणि तार विसरलेल्याचं लायसन मात्र गेलं.

अहवाल जाहीर झाल्यावर गयास कन्नडला रेणुकाच्या आईकडं, द्वारकाबाईंकडं गेला. लोकांच्या बोलण्यापायी त्यांनी बाजाराला जाणंही सोडलं होतं.

"ताई, रेणुकाची चूक नव्हती. पडता पडताही तिनं इंधनाचा खटका बंद केला होता, म्हणून आग लागली नाही. शिकवलेलं ती काही विसरली नव्हती."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "मंग इसरलं कोण?"

"एकानं तार बांधली नाही. दुसऱ्यानं न बघता सही केली. तो माझा मित्र आहे." गयास थांबला. "अशा सह्या मीही केल्यात, ताई. माझी विमानं पडली नाहीत, एवढंच."

हे सांगायची गरज नव्हती, हे त्याला बोलतानाच कळत होतं. द्वारकाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. गयास ओसरीवर तासभर बसला. त्या बाहेर आल्या नाहीत.

बन्सी चितेगावातल्या एका कारखान्यात लागला. दोन वर्षांनी गावातल्या एका लग्नात दोघं समोरासमोर आले, तेव्हा बन्सीनं ताट उचललं आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला. गयासची बायको जाहेदा म्हणाली, "जाऊन बोला की त्याच्याशी." तो उठला, चार पावलं गेला आणि तिथंच उभा राहिला.