कुंकू लावलेली वीट

शलमोन मास्तर तरुणपणी बेसबॉल खेळायचे, असं आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण सेहेचाळीसच्या सुमारास नगरच्या मिशन बोर्डिंगात एका साहेबानं पोरांना हा खेळ शिकवला होता, आणि कुठल्या गावानं नवं मैदान केलं की पहिला सामना याच पोरांना बोलावून व्हायचा. राजूरचं मैदान इतकं उतरतं, की चेंडू थेट ओढ्यात! तिथं चेंडूमागं शलमोन आणि शलमोनमागं म्हैस, असा सामना झाला होता.

पाथर्डीकडच्या मैदानाची गोष्ट मात्र मास्तर हसत सुरू करत आणि मध्येच स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत.

तिथं गावकऱ्यांनी पडीक रान खळ्यासारखं चोपून, शेणानं सारवून काढलं होतं. चार कोपऱ्यांवर चार विटा. शेवटच्या विटेला पाय लागला की धाव पुरी. रान बायडाबाईचं. सामन्याआधी तिनं चारी विटांना हळदकुंकू वाहिलं.

अजून एकाही बाजूची धाव झाली नव्हती, आणि बरोबरी राहिली तर सामना गावाचा, असं ठरलं होतं. नगरचा शेवटचा गडी शलमोन. तो बाद झाला की सामना गेला. तिसऱ्या विटेवरून तो सुसाट सुटला आणि समोर ती लालभडक वीट दिसली. पहिल्या तिन्हींवरचं कुंकू केव्हाच पुसलं होतं. हिच्यावर अजून कुणाचाच पाय पडला नव्हता. त्याच्या मनात आलं, मिशनच्या पोरानं यांच्या देवावर पाय दिला, असं झालं तर? पुन्हा या गावात आपल्याला कोण बोलावील?

तो थबकला, वाकला, विटेला शिवायला पायाऐवजी हात पुढं केला. तेवढ्यात गावच्या संघातल्या मच्छिंद्रनं चेंडू त्याच्या पाठीला टेकवला.

"बाद!" साहेब ओरडले.

"खेळाया आल्तास का पाया पडाया?" सोबतचा कृपादान भडकला.

बायडाबाई लगबगीनं आली. "आरं लेकरा, थांबलास कशाला?"

"कुंकू हुतं, मावशी. पाय कसा देऊ?"

"आगं बया! नवी नवरी घरात येताना मापाला पायच लावती ना? त्याची बी पूजा करतोच की आमी. येणाऱ्याच्या पायासाठीच लावलं हुतं रं!"

शलमोननं एकवार विटेकडं, एकवार बाईकडं पाहिलं. यांच्या मनात काय असेल हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. विचारलं कुणालाच नव्हतं.

"बगतोस काय? दे पाय!" बायडाबाई म्हणाली.

सामना हरलेला, कृपादान फुरंगटलेला, सगळं गाव बघतंय. शलमोननं धुळीनं भरलेला उजवा पाय हळूच विटेवर ठेवला. त्या धावेची नोंद साहेबांनी काही केली नाही.