बेबीताईंच्या फुलवाती

घाटंजीत आमच्या शेजारी बेबीताई राहायच्या. बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, अगदी मयतीच्या घरीसुद्धा त्या वाती वळायच्या. कमरेला कापसाची पुरचुंडी, बोटांना चिमूटभर राख आणि तोंड चालू. फक्त फुलवातीचं टोक वळताना एकदम गप्प. "आता बोलू नका सर, पीळ सुटते," म्हणून समोरच्यालाही गप्प करायच्या. टोक झालं की अर्धं सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे.

या बाईने वाती खपवायला जित्या नवऱ्याला मेलेला केलं, असं गावात अजून म्हणतात. ते खोटं आहे. ते कोणी केलं हे मी गावात कधी सांगितलं नाही.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. शेवटच्या वेचणीच्या कापसाला तर व्यापारी हातही लावत नसत. निंदणाची कामं आटली होती आणि गल्लीतल्या बाया घरी बसून होत्या. बेबीताईंनी तो कापूस गोळा केला, बायांना ओसरीवर बसवलं आणि वाती वळायला लावल्या. पण घाटंजीच्या बाजारात वाती कोण विकत घेणार? इथे घरोघरी वळतात. मग त्या माझ्याकडे आल्या. मी निवृत्त इंग्रजीचा मास्तर, मुलाने पुण्याहून कॉम्प्युटर पाठवलेला.

"सर, तुमच्या कंप्युटरवर टाका न आमच्या वाती. पुण्या-मुंबईच्या बायकायले कुठं येते वळता!"

मी इंटरनेटवर पान उघडलं. पांढऱ्या कपड्यावर पांढऱ्या वातींचा पहिला फोटो घेतला, त्यात काहीच दिसेना. मग लाल खणावर घेतला. लोकांना आवडला. रोज संध्याकाळी बेबीताई खुर्चीमागे उभ्या राहून विचारायच्या, "आली काय ऑर्डर?"

"नाही, पण लाईक पुष्कळ आहेत."

"बाप्पा! एवढ्या लोकायनं अंगठा दाखवला, अन् तुम्ही खुश होऊन राह्यले?"

कोणी किंमत विचारायचं. सांगितली की गायब. कोणी म्हणे, तुमच्याकडे सुगंधी वाती नाहीत का? पैसे भरून जाहिरात केली, तर ज्यांनी ती पाहिली त्यांतले निम्मे आमच्यासारखेच काहीतरी विकणारे निघाले. घाटंजीचा पिनकोड टाकला की कुरिअरवाल्यांचं उत्तर यायचं, सेवा उपलब्ध नाही. कधीमधी एखादं पाकीट निघालं तर बेबीताईंचा नवरा देविदास ते आपल्या काळीपिवळी जीपमधून यवतमाळला पोचवायचा.

एकदा मोठ्या शहरातल्या एका संस्थेने विचारलं: या बाई आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या आहेत का? असतील तर दिवाळीच्या भेटींसाठी घेऊ.

मी वाचून दाखवलं. बेबीताई हसल्या. "सांगा त्यांले, नवरा जिता हाये. जीप चालवते, अन् जेवते बी लय."

मी तसंच सभ्य भाषेत कळवलं. पुन्हा त्यांचं काही आलं नाही.

दिवाळी जवळ आली. ओसरीवर वातींची पोती एकावर एक चढली. दिवाळीआधी हातात पैसे देईन, असा शब्द बेबीताईंनी बायांना दिला होता. आता त्या ऑर्डर आली काय हे विचारायच्याही थांबल्या. मी नागपूरच्या एका जाहिरातवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, वात कोण विकत घेतो? लोक कहाणी विकत घेतात. आणि तुम्ही तर यवतमाळचे!"

मी फोटो चाळले. एकात ऑक्टोबरच्या उन्हात वाती वाळत घालताना बेबीताई वर बघत होत्या. घामाने कुंकू पुसलं गेलं होतं. तो मी निवडला. त्यावरच खाली लिहिलं: 'कपाशीने हिचा धनी नेला. तरी ही माउली तुमच्या देवघरात उजेड पाठवते आहे.' बेबीताईंना विचारलं नाही.

ऑर्डरी धो धो आल्या. पोती रिकामी झाली, बायांना पैसे मिळाले. बेबीताई पेढे घेऊन आल्या. "पाह्यलं न सर? शेवटी लोकायनं वात पाह्यली!" मी पेढा खाल्ला.

दिवाळीनंतर देविदासच्या जीपमध्ये एका प्रवाशाने त्याला मोबाईल दाखवला. "काहो, तुम्ही त मेले म्हणते इथं!" दुपारपर्यंत ते बाजारभर झालं. बेबीताई आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या हातात कापूस नव्हता.

"पुसा ते, सर."

मी पुसलं. पण हजारोंनी ते आपापल्या पानावर घेतलं होतं. कोणी वर हात जोडलेले, कोणी सरकारला शिव्या दिलेल्या. मी एकेकाला लिहीत बसलो की हे खरं नाही. एकाने उलट विचारलं, तुम्ही कोण?

"मी कपाळ दाखवत फिरू काय आता गावभर?" एवढंच त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी बाहेर घेतलं नाही. आणि मीही ते सांगितलं नाही. गावाने ते बेबीताईंवरच धरलं, आणि बाया एकेक करून ओसरीवर यायच्या थांबल्या.

गेल्या वर्षी बेबीताई काविळीने गेल्या. तेरवीनंतर देविदास माझ्याकडे आला. नात्यातल्या कोणीतरी ते चित्र त्याच्या मोबाईलवर पुन्हा पाठवलं होतं. 'या विधवेला मदत करा' असं कोणी वर आणखी जोडलं होतं.

"खाली काय लिवलं हाये, वाचा जरा. मले कोणी पुरं वाचून दाखवलंच नाही."

मी वाचलं. मग म्हणालो, "देविदास, हे मी लिहिलं होतं. तिला माहीत नव्हतं."

त्याने मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

"तिचा दुसरा चांगला फोटो नाही आमच्याजवळ," तो म्हणाला. "अक्षरं काढता येते काय, सर? अन् कपाळावर कुंकू लावता येते काय? सवाष्ण गेली न ते."

मी कॉम्प्युटरवर अक्षरं कापली आणि कपाळावर लाल टिकली भरली. ती थोडी डावीकडे गेली. देविदास म्हणाला, राहू द्या.

तो फोटो त्याच्या घरी भिंतीवर आहे. बाहेर दुसराच फिरतो आहे. परवा माझ्या सुनेला पुण्यात मोबाईलवर तो आला, तेव्हा तिने मला विचारलं, "बाबा, या घाटंजीच्याच ना? बिचारी."