दुसरी वेलांटी

कात्री हातात असली, तरी आमची शेजारीण आधी झाडाच्या बुंध्यावर दोन बोटांनी टकटक करायची. एखाद्याच्या दारावर करावी तशी. मग मान तिरकी करून उभी राहायची. तिच्या आणि आमच्या बागेच्या मधोमध एल्डरचं झाड आहे. जूनमध्ये ते पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्या फुलांचं ती सरबत करायची, पण झाडाला विचारल्याशिवाय एक तुरा खुडायची नाही. "आधी विचारावं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

"आणि झाड नाही म्हणालं तर?" मी एकदा कुंपणावरून विचारलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे पुरावा मागायची खोड आहे.

"हो म्हणालं की कळतं, माय लव्हर. नाही म्हणालं की काहीच ऐकू येत नाही. मग कात्री खिशात घालायची आणि गुपचूप घरात यायचं."

या 'माय लव्हर'ने पहिल्या भेटीत मी चांगलीच दचकले होते. सत्तरीची बाई, पांढरी वेणी, पायात गमबूट, आणि मला लव्हर म्हणतेय! माझा चेहरा बघून ती खो खो हसली. "घाबरू नकोस. ब्रिस्टलमध्ये आम्ही बसच्या ड्रायव्हरलाही असंच म्हणतो." ओळख होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोवर तिने आपल्या शब्दाचा खरा अर्थ मला सांगून टाकला होता. एवढं लक्षात ठेवा.

ती पेगन होती. म्हणजे नेमकं काय, हे तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "चर्चला जात नाही, पण मानायचं ते सगळं मानते." सूर्य, चंद्र, झाडं, ऋतू. वर्षाचे आठ सण. फायरप्लेसच्या वरच्या फळीवर एक दगड, एक पीस, मेणबत्ती आणि पाण्याची वाटी. ऋतू बदलला की मांडणी बदलायची. पण घरात काही गूढ वगैरे नव्हतं हो. जन्मभर तिने एका शाळेत पोरांना जेवण वाढलं होतं, आणि घरी आलेल्या कुणालाही ती खाल्ल्याशिवाय सोडायची नाही.

आम्ही राहायला आलो तो फेब्रुवारी. पहिल्याच शनिवारी सकाळी मी किचनच्या खिडकीतून पाहिलं, तर शेजारच्या मागच्या दारातून ही बाई अंगावर लांब झगा घालून, हातात खराटा घेऊन, काहीतरी पुटपुटत घरातला केर बाहेर लोटतेय. त्यांच्या वसंताच्या सणाची ती साफसफाई होती, हे मला पुढे कळलं.

"अरे, लवकर ये! शेजारी चेटकीण राहते आपल्या!" मी नवऱ्याला हाक मारली. केवढे हसलो आम्ही. आमची इरा तेव्हा सहा वर्षांची, टेबलाशी कॉर्नफ्लेक्स खात बसली होती. पोरांचे कान कसे असतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आठवड्याभरात इरा कुंपणाशी उभी राहून गळा काढून हाका मारायला लागली, "चेटकीण आजी! ओ चेटकीण आजी!"

बाई माझ्याकडे वळली. "गोड वाटतंय ऐकायला. काय म्हणते ती मला?"

तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं होतं. पोरीच्या नावावर खपवलं असतं, तरी चाललं असतं. पण माझी जीभ माझ्यापेक्षा चलाख. "वाइज वुमन," मी म्हणाले. "जाणती बाई. आमच्याकडे फार मान असतो त्याला."

तिने हात छातीवर ठेवला. "चेट-कीन," ती सावकाश म्हणाली. मग पुन्हा एकदा. "लोकांनी मला आजवर बरंच काही म्हटलंय ग. जाणती कुणी म्हटलं नव्हतं."

मला काय, सुटल्यासारखं झालं. वेळ मारून नेली की प्रकरण मिटलं, असं आपल्याला वाटतं. माझं प्रकरण मात्र तिथे सुरू झालं. तिने तो शब्द अंगाखांद्यावर दागिना घालावा तसा घातला. इरा नुकतीच शनिवारच्या मराठी शाळेत जायला लागली होती. तिच्याकडून बाईने सरबताच्या बाटल्यांसाठी लेबलं लिहून घेतली. प्रत्येक बाटलीवर वेड्यावाकड्या अक्षरांत 'चेटकिण'. पोरीने क ला पहिली वेलांटी दिली होती.

त्या वर्षीच्या गणपतीला मी तिला बोलावलं. शेजारधर्म. वीसेक मराठी मंडळी जमली होती, बहुतेक हॉस्पिटलमधली. ती बागेतून, अर्थातच विचारून, दुर्वांसारखं दिसणारं काहीतरी लांबलचक गवत घेऊन आली. दारात गमबूट काढले, हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी चेटकीण आजी."

आणि मग जो काय हशा पिकला! आमचा एक डॉक्टर मित्र किचनमध्ये पळाला आणि टॉवेल तोंडात कोंबून हसला. तिला वाटलं, आपले उच्चार ऐकून मंडळी खूश झाली. मग तीही हसली, सगळ्यांकडे वळून वळून. मीसुद्धा हसले. त्या डॉक्टरचा राग येत नाही मला. माझ्या हसण्याची लाज वाटते. ती माझ्या घरी आली होती, माझ्या बोलावण्यावरून.

तिला एकच मुलगी. लग्न होऊन दोन तासांवर राहते, सासर चर्चचं कडक. नातू झाल्यावर मुलगी आली, फळीवरची मांडणी पाहिली, आणि बाळाला घेऊन दारातूनच परत फिरली. हे बाईने मला एकदा चहा पिताना सांगितलं. "विच म्हणाली मला. आता मी स्वतःला म्हणवतेच की विच. आमच्या मंडळींत बरेच जण म्हणवतात. शब्दाचं काही नाही. पण लेकीने दारात उभं राहून म्हटलं ना, ते लागलं." त्यानंतर मुलगी येणार असली की ती ते सगळं बुटांच्या खोक्यात भरून पलंगाखाली सरकवायची. मुलगी वीस मिनिटं बसायची. नातवाला एकट्याने आजीकडे कधी ठेवलं नाही.

"म्हणून तुमच्या शब्दाचं मला अप्रूप," ती म्हणाली. "घरच्यांनी तो शब्द दिला आणि परक्यांनी हा."

अहो, तोच शब्द होता! तेव्हा सांगितलं असतं तर ती बहुधा हसलीच असती. विच म्हणवून घ्यायची तिला लाज नव्हती. लाज माझी होती. 'मग खोटं का बोललीस?' या प्रश्नाची. आणि देव लपवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. बॉयलर दुरुस्तीचा माणूस यायचा असला की मी देवघराच्या कपाटाचं दार लावून घेते. मला तरी तिचं दुखणं कळायला हवं होतं. मी काय विचारलं माहितेय? "अजून एक बिस्किट घेणार?"

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्याला बाबा गेले. मी वेळेवर पोचू शकले नाही. ऑक्टोबर संपताना तिचा मृतांचा सण असायचा. त्याचं नाव ती 'साविन' असं उच्चारायची, मला आधी आपला श्रावणच वाटला होता. त्या दिवशी ती टेबलावर गेलेल्या माणसांसाठी एक पान वाढते, शेजारी रिकामी खुर्ची ठेवते. दोन दिवस आधी ती कुंपणाशी आली.

"तुझ्या वडिलांना काय आवडायचं? आणि माझ्याकडे जेवायला आलेलं त्यांना चालेल का? आधी विचारावं."

"कांदाभजी," मी म्हणाले. "आणि चालेल. त्यांना कुठेही चालायचं."

तिने भजी केली. गव्हाच्या पिठात, हळद नाही, ओवा नाही, कांद्याच्या नुसत्या चकत्या. पण वाफाळती. बाबांचं पान मांडलं, खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली, म्हाताऱ्या माणसाला बसायला सोपं जावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान तिने बागेत ठेवलं. कावळा आला नाही. कावळ्याच्याच भाऊबंदातला एक काळा-पांढरा मॅगपाय आला आणि भजी घेऊन उडाला. म्हटलं, शिवला एकदाचा! मी हसता हसता रडायला लागले, आणि ती मला धरून उभी राहिली. तिच्या स्वेटरला तळणाचा वास येत होता. तेव्हाही मी सांगितलं नाही.

इरा दहा वर्षांची असताना सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर तिला एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत मुलांना पकडून नेणारी चेटकीण होती. इरा तडक माझ्याकडे आली. "आई, चेटकीण म्हणजे विच? बॅड वाली?" मी कपड्यांच्या घड्या करत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तिने शेजारी नुसतं 'आजी' म्हणायला सुरुवात केली.

दोन आठवड्यांनी बाई कुंपणाशी. हातात कात्री नव्हती, काहीच नव्हतं. "इरा हल्ली मला नुसती आजी म्हणते. माझं काही चुकलं का ग?"

मी घरात गेले आणि पोरीला म्हणाले, "जा, तिला चेटकीण आजी म्हण. तिला आवडतं."

"पण दॅट्स लाइंग, आई. तू सांग ना तिला."

"म्हण म्हणते ना!"

ती गेली. कुंपणाशी उभी राहून, खाली बघत, एकदाच म्हणाली. बाईचा चेहरा फुलला. इरा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. खोटं मी बोलले होते, वाहायला मात्र पोरीच्या डोक्यावर दिलं.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. उपाय नव्हता. तिने स्वतःच सगळी तयारी केली. झाडांमधली दफनभूमी निवडली, कबरीवर दगड नको, ओकच्या लाकडाची गोल चकती हवी. एका दुपारी मला बोलावलं, कोरा कागद आणि काळं पेन पुढे ठेवलं. "नावाखाली माझा शब्द हवा. तुमच्या लिपीत. ते लोक तसाच्या तसा कोरून देतात. तुझं अक्षर छान आहे." आणि नमुना म्हणून सरबताची एक जुनी बाटली माझ्यासमोर ठेवली.

मी पेन हातात घेतलं. मनाला समजावलं की जाणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. खोटं साफ! तिचं मन जपायचं नव्हतं मला, माझं तोंड लपवायचं होतं. शेवटी तोंड उघडलं, ते काय बोलायला? "इराने इथे पहिली वेलांटी दिलीय," मी म्हणाले. "ती चूक आहे. दुसरी हवी." आणि ठळक, वळणदार अक्षरांत लिहिलं: चेटकीण.

तिने कागद बाटलीशेजारी धरून पाहिला. "अरे हो, ही दांडी पलीकडे गेली की! बरं झालं तुझ्या लक्षात आलं. नाहीतर कायमचं चुकीचं राहिलं असतं."

एप्रिलमध्ये ती गेली. दफनाच्या सकाळी मुलगी आली होती, बरोबर उंच वाढलेला नातू. सगळे पांगल्यावर ती त्या चकतीपाशी थांबली. "शेजारी तुम्हीच ना? हे काय लिहिलंय?"

माझ्या शेजारी चौदा वर्षांची इरा उभी होती. माझ्याकडेच बघत होती.

"जाणती बाई," मी म्हणाले.

मुलीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "मी तिला वेगळंच म्हटलं होतं," ती म्हणाली आणि तिथेच ओल्या गवतात गुडघ्यांवर बसून रडली. 'बाई ग, आम्हीही तेच म्हटलं होतं,' एवढं वाक्य माझ्या तोंडाशी आलं. ते मी गिळलं.

गाडीत बसल्यावर इरा म्हणाली, "आई, तू परत खोटा बोलली."

खोटा नाही, खोटं. बोलली नाही, बोललीस. पोरीचं मराठी जन्मभर सुधारत आले मी. त्या दिवशी काही सुधारलं नाही.

आता जून आहे. शेजारचं घर रिकामं आहे आणि एल्डर नेहमीसारखा फुलला आहे. इराला सरबत हवं होतं, म्हणून काल सकाळी कात्री घेऊन गेले. बुंध्यावर दोन बोटांनी टकटक केली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग मराठीतच सगळं सांगितलं. खिडकी, खराटा, गणपतीतलं हसणं, बिस्किट, इरा, वेलांटी. एकही गोष्ट गाळली नाही. आणि शेवटी विचारलं, "माफ केलंत का?"

मान तिरकी करून उभी राहिले. खूप वेळ.

मग कात्री खिशात घातली आणि घरात आले.